बिहेवियरल राउंड : पाठ केलेले उत्तर आणि स्वतःचा निर्णय

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. सॉफ्टवेअर क्षेत्रातील मुलाखतींविषयी या विभागात पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लेखन अल्गोरिदम आणि सिस्टिम डिझाइन यांपुरते आहे. मी पुण्यातील एका प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) काम करतो आणि बऱ्याच वर्षांपासून अभियंत्यांच्या मुलाखती घेतो. कोडिंगच्या फेरीत सरस ठरलेले उमेदवार बिहेवियरल राउंडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या कामातील प्रसंगांविषयी विचारणाऱ्या फेरीत, मागे पडतात, हे मी वारंवार पाहतो. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते अशातला भाग नाही. काम चांगले केलेले असते, पण त्यात त्यांनी स्वतः काय ठरवले हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्याकडे या फेरीविषयी जो गैरसमज आहे त्याचे मूळ मला कॅम्पस प्लेसमेंटमध्ये दिसते. तिथे शेवटी एचआर राउंड असतो. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’, ‘कोणत्याही शहरात जाण्याची तयारी आहे का’ असे प्रश्न येतात आणि नीटनेटके बोलून वेळ निभावली की ऑफर लेटर मिळते. बिहेवियरल राउंड म्हणजे त्याचीच पुढची आवृत्ती, अशा समजुतीने अनेक जण येतात. प्रॉडक्ट कंपन्यांमध्ये मात्र ही फेरी बहुधा मॅनेजर किंवा वरिष्ठ अभियंता घेतो, तो तांत्रिक तपशिलात शिरतो, आणि उमेदवाराला कोणत्या लेव्हलवर घ्यायचे हे ठरवताना या फेरीतील नोंदींना मोठे वजन असते. ‘मॅनेजरशी मतभेद झाले तेव्हा काय केलेत’, ‘माहिती अपुरी असताना निर्णय घ्यावा लागला असा प्रसंग सांगा’, ‘दिलेली मुदत पाळता आली नाही तेव्हा काय झाले’, असे हे प्रश्न असतात.

स्टार पद्धत सर्वांना ठाऊक आहे: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे, परंतु ती पाठ करून आलेला उमेदवार चार मिनिटांपैकी अडीच मिनिटे परिस्थिती सांगण्यात घालवतो. क्लायंट कोण, मॉड्यूल किती, टीममध्ये माणसे किती, आधीच्या टीमने काय गोंधळ घातला होता, हे सारे सांगून होते आणि कृतीच्या वाट्याला ‘मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते सोडवले’ एवढे एक वाक्य उरते. ‘आम्ही’ म्हणण्यामागे आपले संस्कार आहेत. आपलीच टिमकी आपण वाजवू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण मुलाखतकाराला नोकरी एका माणसाला द्यायची असते. त्या कामातील कोणता भाग तुमच्याकडे होता, हे त्याला कळले नाही तर तो नोंद तरी काय करणार?

माझे म्हणणे एवढेच आहे की चांगल्या उत्तराचा गाभा म्हणजे तुम्ही घेतलेला निर्णय. तुमच्यापुढे कोणते पर्याय होते, त्यांतला कोणता नाकारलात, का नाकारलात, त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते आणि काय नव्हते, हे सांगितले की उत्तर आपोआप तुमचे होते. ते इंटरनेटवरून उचलता येत नाही आणि पाठही करावे लागत नाही.

त्यासाठी तयारीची जागाही बदलावी लागते. ‘शंभर प्रश्न आणि त्यांची उत्तरे’ अशा याद्या वाचण्यापेक्षा आपल्याच कामाचे दप्तर उघडावे: जुनी तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामे), कोड रिव्ह्यूमधील वादविवाद, इन्सिडेंटचे (यंत्रणा बिघडल्याच्या घटनांचे) अहवाल, वार्षिक मूल्यमापनासाठी स्वतः लिहिलेला मजकूर. दोन वर्षांपूर्वी आपण एखादी गोष्ट का केली, हे आपण खरोखर विसरलेलो असतो आणि त्या जुन्या चर्चेतली चार वाक्ये वाचली की सारे आठवते. सात-आठ प्रसंग नीट आठवून ठेवले तर बहुतेक प्रश्न त्यांतल्या कोणत्या ना कोणत्या प्रसंगाला येऊन भिडतात.

इतरांनी आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

अर्धविराम

धाग्याबद्दल आभार. माझी अडचण वेगळी आहे. मी सर्व्हिस कंपनीत (इतर कंपन्यांचे काम करून देणाऱ्या) आहे आणि पहिल्या दिवसापासून एका बँकेच्या सपोर्ट प्रोजेक्टवर काम करते. नवे काही बांधलेले नाही. तिकीट येते, आम्ही ते सोडवतो, एसएलएच्या (क्लायंटशी ठरलेल्या मुदतीच्या) आत बंद करतो. ‘तुम्ही घेतलेला एखादा कठीण निर्णय सांगा’ असे विचारले की माझ्याकडे उत्तरच नसते. अशा व्यक्तीने काय करावे?

कोयनाकाठ

अर्धविराम, सपोर्टमध्ये निर्णय नसतात हे मला मान्य नाही. तुम्हाला दोन प्रश्न विचारतो. पुन्हा पुन्हा येणारे एखादे तिकीट होते का? आणि ते येणे थांबले असेल, तर कोणामुळे थांबले?

अर्धविराम

होते. रात्रीचा एक बॅच जॉब (आपोआप चालणारे एकगठ्ठा काम) होता, तो सकाळी सहापूर्वी संपला नाही की शाखांना रिपोर्ट मिळत नसत. महिनाअखेरीस हे हमखास व्हायचे. ठरलेला उपाय असा होता की जॉब थांबवून पुन्हा चालू करायचा. मी लॉग पाहिले तेव्हा एकच क्वेरी सर्वाधिक वेळ घेत होती. डेटाबेसचे मायग्रेशन झाल्यानंतर त्या टेबलची आकडेवारी (त्यात किती आणि कसा डेटा आहे याची डेटाबेसने ठेवलेली नोंद) ताजी करणारी पायरी वेळापत्रकातून गळून पडली होती, त्यामुळे ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग) इंडेक्स न वापरता पूर्ण टेबल वाचत होता. मी लीडला सांगितले. ते म्हणाले की मार्चअखेरचा फ्रीझ आहे, आता काही बदलायचे नाही. मग मी मागच्या काही महिन्यांच्या वेळा काढून तक्ता केला आणि तो क्लायंटच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) दाखवला. त्यांनी फ्रीझ संपल्यावर ती पायरी पुन्हा बसवली. जॉब पूर्वी चार तासांच्या आसपास चालायचा, तो तासाभरात संपू लागला. पण यात मी केवळ तक्ता केला. दुरुस्ती डीबीएने केली.

कोयनाकाठ

तुमचा हा प्रतिसाद मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘मी केवळ तक्ता केला’ हे वाक्य मी मुलाखतीत नेहमी ऐकतो आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी खोटे असते. तुम्ही केलेले निर्णय मोजा. ठरलेला उपाय चालू असताना तुम्ही मुळाशी जायचे ठरवले. लीडने नकार दिल्यावर तुमच्यापुढे तीन वाटा होत्या: गप्प बसणे, फ्रीझ मोडून बदल करण्याचा आग्रह धरणे, किंवा पुरावा गोळा करून ज्याच्या हातात तो बदल आहे त्याच्याकडे जाणे. तुम्ही तिसरी निवडली. फ्रीझचा मान राखलात आणि प्रश्नही मिटवलात.

आता हेच मुलाखतीत कसे सांगाल? मी साधारण असे सांगेन:

‘बँकेचा रात्रीचा एक जॉब महिनाअखेरीस सकाळी सहापूर्वी संपत नसे आणि शाखांचे रिपोर्ट अडकत. आमच्याकडे तो थांबवून पुन्हा चालू करण्याची पद्धत होती. हे तिकीट दरमहा परत येते, म्हणून मी त्याचे कारण शोधायचे ठरवले. लॉगमध्ये एकाच क्वेरीला सर्वाधिक वेळ लागत असल्याचे दिसले आणि मायग्रेशननंतर टेबलची आकडेवारी ताजी होत नसल्याचे कळले. माझ्या लीडने वर्षअखेरच्या फ्रीझमुळे बदलाला नकार दिला. जोखमीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून मी लगेच बदलाचा आग्रह धरला नाही. परंतु फ्रीझ संपल्यावर हा विषय मागे पडेल अशी मला भीती होती. मी जॉबच्या वेळांचा तक्ता केला, महिनाअखेर आणि विलंब यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसत होता. लीडच्या संमतीने मी तो क्लायंटच्या डीबीएपुढे मांडला. फ्रीझ उठल्यावर त्यांनी ती पायरी पुन्हा बसवली. चार तासांचा जॉब तासाभरात संपू लागला आणि ते तिकीट पुन्हा आले नाही.’

मोठ्याने वाचून पाहा, सव्वा ते दीड मिनिट लागेल. उरलेला वेळ मुलाखतकाराच्या प्रश्नांसाठी मोकळा राहतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते. ‘लीडच्या संमतीने’ हे मी गृहीत धरून लिहिले आहे. तसे झाले नसेल तर ते शब्द वगळा आणि जे घडले तेच सांगा, कारण ‘डीबीएकडे जाण्याआधी लीडशी बोललात का’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो.

चिकित्सक

मला या संपूर्ण प्रकाराविषयीच शंका आहे. गोष्ट चांगली सांगता येणे आणि काम चांगले करता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. अशा फेरीत बोलका उमेदवार पुढे जातो, अबोल पण कुशल अभियंता मागे राहतो. शिवाय खोटे सांगणाऱ्याला अडवणार कोण?

मृदगंध

चिकित्सक यांची शंका रास्त आहे. मी औद्योगिक मानसशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि आता नोकरभरतीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

या प्रश्नांचा उगम सॉफ्टवेअरमध्ये नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी वैमानिकांची निवड करताना जॉन फ्लॅनगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चांगला वैमानिक कसा असावा’ अशी मते गोळा करण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा केले: अमक्या वेळी त्याने नेमके काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला. फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४ मध्ये सविस्तर लेखाच्या रूपाने मांडली. पुढे १९८० च्या सुमारास मुलाखतींसाठी तिच्यातून दोन वाटा निघाल्या. गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी ‘असे झाले तर तुम्ही काय कराल’ या काल्पनिक प्रसंगांवर भर दिला, तर टॉम जान्झ यांनी ‘असे झाले तेव्हा तुम्ही काय केले’ या घडलेल्या प्रसंगांवर. आपण ज्याला बिहेवियरल राउंड म्हणतो तो या दुसऱ्या वाटेवरचा आहे.

ही पद्धत किती उपयोगी पडते, हेही मोजले गेले आहे. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या प्रसिद्ध आढाव्यात कामातील यशाशी असलेला संबंध ठराविक चौकटीत घेतलेल्या मुलाखतींसाठी ०.५१ आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतींसाठी ०.३८ असा दिला होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या गणितातील दुरुस्त्या तपासल्या तेव्हा बहुतेक सर्वच आकडे खाली आले, तरीही चौकटीतील मुलाखत ०.४२ सह सर्वांत वर राहिली. म्हणजे ही पद्धत अचूक नाही, पण हाताशी असलेल्या पद्धतींत ती बरी आहे. गूगलनेही ‘विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील’ यासारखी कोडी सोडून दिली. त्यांचे तत्कालीन मनुष्यबळप्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असल्याचे जाहीरपणे सांगितले होते आणि घडलेल्या प्रसंगांवरील प्रश्नांची बाजू घेतली होती.

आता खोटेपणाविषयी. चौकट म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि उत्तरे जोखण्याची आधीच ठरलेली मोजपट्टी. त्यात खोदून विचारले जाते. रचलेली गोष्ट पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत टिकते. ‘तो आकडा तुम्ही कुठून काढलात’, ‘तुमच्या विरोधात असलेल्या सहकाऱ्याचा सर्वांत सबळ मुद्दा कोणता होता’, ‘आज पुन्हा करायचे झाले तर काय बदलाल’ इथपर्यंत ती क्वचित पोहोचते. आणि अबोल माणसाचे म्हणाल, तर या प्रश्नांचा लाभ त्यालाच अधिक होतो, कारण ज्याने काम केले आहे त्याच्याजवळ तपशील असतो. तिथे मुलाखतकार अनुभवी नसेल तर मात्र नुकसान होते, हे मी नाकारत नाही.

दूरदेशी

मी सिॲटलमध्ये राहतो. ॲमेझॉनच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो, कारण बेंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातील अनेक जण तिथे अर्ज करतात.

त्यांची नेतृत्वतत्त्वे जाहीर आहेत. आधी ती १४ होती, २०२१ मध्ये दोन वाढून १६ झाली. मुख्य मुलाखतींच्या दिवशी प्रत्येक मुलाखतकाराकडे दोन-तीन तत्त्वे वाटून दिलेली असतात आणि तो त्यांवरच प्रश्न विचारतो, अगदी कोडिंगची फेरी असली तरीही. त्यांत एक ‘बार रेझर’ असतो. तो ज्या टीमसाठी भरती चालू आहे तिच्या बाहेरचा असतो, जागा लवकर भरण्याची घाई त्याला नसते आणि त्याचा विरोध असेल तर भरती होत नाही. ही व्यवस्था १९९९ पासून चालू आहे. मुलाखतकार सतत टंकत असतो, त्याने बिचकून जाऊ नये. तुमचे बोलणे तो शक्य तितके जसेच्या तसे उतरवत असतो, कारण नंतरच्या बैठकीत त्याला त्या नोंदींच्या आधारे आपले मत मांडावे लागते. म्हणूनच गुळमुळीत वाक्ये तिथे कामाला येत नाहीत. ‘मी खूप पुढाकार घेतला’ याची नोंद होऊन उपयोग काय?

एक चूक नेहमी दिसते. लोक तत्त्वांची नावे उत्तरात पेरतात: ‘इथे मी ओनरशिप दाखवली.’ ते मुलाखतकाराने ठरवायचे असते. तुम्ही प्रसंग सांगावा. तसेच एकच प्रसंग चार जणांना सांगू नये, कारण नंतर ते चौघे एकत्र बसतात.

पाऊलखूण

मतभेदाच्या प्रश्नावर माझी गाडी अडते. आपल्या कामाच्या ठिकाणी मॅनेजरला ‘हे चूक आहे’ असे उघडपणे म्हणण्याची पद्धत नाही. मी आडून आडून सुचवते, कधी ते ऐकले जाते, कधी नाही. मुलाखतीत ‘माझे कोणाशी मतभेद झाले नाहीत’ असे सांगितले तर प्रांजळपणा दिसेल असे मला वाटायचे, पण दोन ठिकाणी ते उत्तर आवडले नाही हे स्पष्ट जाणवले.

कोयनाकाठ

ते उत्तर आवडत नाही कारण त्याचे दोनच अर्थ निघतात: एक तर तुम्हाला स्वतःचे मत नव्हते, नाहीतर होते पण तुम्ही बोलला नाहीत. मतभेद म्हणजे भांडण हा अर्थ डोक्यातून काढावा. कोड रिव्ह्यूमध्ये ‘असे नको, तसे करू’ म्हणणे हाही मतभेदच आहे.

माझ्या स्मरणात राहिलेले एक उत्तर ओळख पुसून सांगतो. एका उमेदवाराच्या टीमला दिवाळीच्या सेलपूर्वी पेमेंटचा नवा भाग द्यायचा होता. बँकेकडून उत्तर आले नाही तर विनंती आपोआप पुन्हा पाठवावी, असे मॅनेजरने ठरवले होते. उमेदवाराची हरकत अशी की प्रत्येक व्यवहाराला एकच कायम ओळखक्रमांक जोडलेला नसताना विनंती पुन्हा पाठवली तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील. मॅनेजरचे म्हणणे असे की ओळखक्रमांकाची व्यवस्था करायला वेळ नाही आणि व्यवहार अर्धवट राहिले तर सेलच्या दिवशी ग्राहक निघून जातील. उमेदवाराने मॅनेजरची बाजू इतक्या न्यायाने मांडली की क्षणभर मलाच तो पर्याय योग्य वाटू लागला. मग त्याने सांगितले की चाचणीच्या वातावरणात बँकेचे उत्तर मुद्दाम उशिरा पाठवून एकाच ऑर्डरचे दोन व्यवहार कसे होतात हे त्याने मॅनेजरला दाखवले, आणि मधला मार्ग सुचवला: आधी व्यवहाराची स्थिती विचारायची, आणि तो झालेला नाही असे बँकेकडून स्पष्ट कळले तरच पुन्हा पाठवायचा, शिवाय सुरुवातीला हे थोड्याच ग्राहकांसाठी चालू करायचे. मॅनेजरने पहिला भाग मानला, दुसरा नाकारला आणि सर्व ग्राहकांसाठी ते एकदम चालू केले. उमेदवाराला ते पटले नव्हते, तरी निर्णय झाल्यावर सेलच्या रात्री देखरेखीची जबाबदारी त्याने मागून घेतली.

पाऊलखूण, या उत्तरात तो पूर्ण जिंकलेला नाही, हे लक्षात घ्या. तरीही आम्ही सर्वांनी त्याला होकार दिला.

दूरदेशी

कोयनाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१६ च्या पत्रात याच गोष्टीवर भर दिला होता: ॲमेझॉन स्टुडिओच्या एका निर्मितीविषयी त्यांना शंका होती, ती त्यांनी टीमला सांगितली, टीमचे मत वेगळे होते, आणि मग त्यांनी मनापासून पाठिंबा दिला. प्रमुखानेही असे वागावे, हा त्या पत्रातील मुद्दा आहे. मतभेदाच्या उत्तरात उमेदवार पहिला अर्धा भाग जोरात सांगतात आणि दुसरा विसरतात. निर्णय आपल्या विरुद्ध गेल्यानंतर तुम्ही काम कसे केलेत, हे आवर्जून सांगावे.

पाऊलखूण

आता माझ्या लक्षात आले. आणखी एक विचारते. अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागते’ हे उत्तर चालते का? क्लासमध्ये आम्हाला तेच शिकवले होते.

मृदगंध

कृपया ते देऊ नका. ज्या अपयशात कोणाचेही काही बिघडले नाही ते सांगून प्रश्न टाळल्यासारखे होते. खरे नुकसान झालेले, पण बेपर्वाईतून न आलेले उदाहरण निवडावे. मुलाखतकार त्यात तीन गोष्टी ऐकत असतो: तुम्हाला ते कधी आणि कसे कळले, कळताच तुम्ही कोणाला सांगितले, आणि तेच पुन्हा होऊ नये यासाठी व्यवस्थेत काय बदलले. ‘मी यापुढे अधिक काळजी घेते’ हा बदल नव्हे. ‘कॉन्फिगरेशनचा बदल थेट प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर) जाणार नाही, आधी एकाच सर्व्हरवर जाईल, अशी पायरी आम्ही बसवली’ हा बदल आहे. ‘सांगितले’ या दुसऱ्या गोष्टीला मी सर्वाधिक गुण देते, कारण चूक दडवणारा सहकारी मध्यरात्रीच्या इन्सिडेंटमध्ये सर्वांनाच महागात पडतो.

चिकित्सक

मृदगंध, तुमचे आकड्यांसह दिलेले उत्तर पटले. एक मुद्दा मात्र अजून उरतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना तपशील ठाऊक असतो, पण इंग्रजीत बोलताना तो तुटक होतो.

कोयनाकाठ

हा मुद्दा खरा आहे आणि मला तो मनापासून लागतो, कारण अशी अतिशय कुशल मुले मी पाहिली आहेत. माझा सल्ला असा की प्रसंग आधी मराठीतच मित्राला सांगावा, जसा घडला तसा, आणि त्याला मध्ये मध्ये ‘का?’ विचारू द्यावे. घटनाक्रम आणि कारणे पक्की झाली की मग तोच लहान लहान इंग्रजी वाक्यांत सांगावा. आखूड, साधी वाक्ये चालतात. ‘मला अर्धा मिनिट विचार करू द्या’ असे म्हणणेही चालते. त्याचे गुण कोणीही कापत नाही. लिहून पाठ केलेले इंग्रजी मात्र पहिल्याच प्रतिप्रश्नाला कोसळते, आणि मग त्या मुलाला जे येत असते तेही दाखवता येत नाही.

अर्धविराम

मी वरचा प्रसंग मैत्रिणीला सांगून पाहिला. तिने विचारले की डीबीएकडे जाण्याआधी लीडला सांगितले होते का. सांगितले होते, ईमेलही आहे. शेवटची शंका: बँकेचे नाव, जॉबची नेमकी वेळ, टेबलचे नाव हे मुलाखतीत सांगावे का? आणि तो ईमेल, तो तक्ता घरच्या पत्त्यावर पाठवून ठेवू का?

कोयनाकाठ

घरच्या पत्त्यावर काहीही पाठवू नका. तो कंपनीच्या गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरतो आणि त्यावरून नोकरी जाऊ शकते. ऑफिसमध्ये वाचा, लक्षात ठेवा, आणि घरी स्वतःच्या शब्दांत टिपण करा, त्यातही क्लायंटचे नाव नको. मुलाखतीत ‘एक मोठी बँक’ एवढे पुरे. टेबलच्या नावाऐवजी ‘व्यवहारांचे मुख्य टेबल’ म्हणा. चार तासांचा एक तास झाला हे प्रमाण सांगायला हरकत नाही, पण ग्राहकांची संख्या किंवा व्यवहारांच्या रकमा सांगू नका. मुलाखतकाराने आग्रह धरला तर ‘ते मला सांगता येणार नाही’ असे शांतपणे म्हणा. तुम्ही आजच्या क्लायंटची माहिती जपता, हे त्याच्याही नोंदीत जाते.

लीडशी आधी बोलला होतात आणि त्यांनी होकार दिला असेल, तर माझ्या मसुद्यातले ‘लीडच्या संमतीने’ हे शब्द तसेच ठेवा. आणि तक्ता किती महिन्यांचा होता ते एकदा ऑफिसमध्ये पाहून ठेवा. ते नक्की विचारतील.